कमलकाकूंचा अंगठा

परभणी
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

महारुद्र,

काल, रविवार दिनांक ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, तू गंगाखेडला तुझ्या आईच्या नावाच्या वाचनालयात दोरी ओढून भिंतीवरचा पडदा बाजूला केलास आणि दोनशे माणसांसमोर तिला निरक्षर ठरवलंस. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहिली आहे. कृषी विद्यापीठाच्या आस्थापना विभागात तेहतीस वर्षं काढली. तारीख-वेळ न टाकता कागद पुढे सरकवायची सवय मला नाही.

दगडावरचा मजकूर मी उतरवून आणला. "जिला अक्षर ओळखता आले नाही, पण जिने मुलाला जग ओळखायला शिकवले, त्या निरक्षर माउलीस. सुपुत्र महारुद्र शिवमूर्ती पेडगावकर, माजी राजदूत, माजी केंद्रीय राज्यमंत्री, उपप्रमुख, आंतरराष्ट्रीय व्यापार संस्था, जिनिव्हा." तुझे तीन हुद्दे, तिन्ही खरे. आईला एकच विशेषण, आणि ते खोटं.

मी दुसऱ्या रांगेत तानुबाईंच्या शेजारी बसले होते. तुमच्या दुकानामागे राहायच्या त्याच तानुबाई. आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, दिसत नाही. त्यांनी मला विचारलं, "काय लिवलंय गं शिवे?" मी वाचून दाखवलं. त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की माईकवाला वळून बघायला लागला. "आत्ता गं बया! कमळ तर मला रोज दुपारी पेपर वाचून दावायची की! तिला कोन म्हनलं येत न्हाई?"

तुझ्या वाचनालयाचे सचिव दत्तराव धावत आले. हात जोडून म्हणाले, "ताई, जरा हळू. फोटो चालू हायेत."

मी उभी राहिले आणि "महारुद्र, थांब" असं म्हणाले. तू मला पाहिलंस. मतदाराला करावा तसा लांबूनच नमस्कार केलास आणि बँड सुरू झाला. साडेबाराला तुझी गाडी नांदेडच्या रस्त्याला लागलेली होती.

काकूंना वाचता येत होतं. शिवमूर्तीकाकांच्या दुकानात हैदराबादहून कापडाचे गठ्ठे यायचे, त्यांना उर्दू वर्तमानपत्रं गुंडाळलेली असत. काकू ती तळहाताने सारखी करायच्या, खिडकीशी बसायच्या आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचायच्या. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधून मेच्या सुट्टीत यायचे, तेव्हा वाचता वाचता मला मराठीत सांगायच्या. वरंगळच्या एका बाईने चोराला ज्वारीच्या कणगीत कोंडून वर जातं ठेवलं, ही बातमी त्यांनी मला तीन वेळा सांगितली असेल. दर वेळी हसून हसून त्यांना ठसका लागायचा.

तुला हे माहीत नसेल तर ते अज्ञान आहे, आणि माहीत असेल तर लबाडी. दोन्हींपैकी काय ते लिहून कळव. आणि तो दगड काढ.

शिवकन्या

* * *

जिनिव्हा
३ मार्च २०२५

ती. शिवाअक्का,

शरणार्थ. इथे टेबलावर रोज शंभर कागद येतात, पण पाकिटावर तुझं ताठ अक्षर पाहिलं आणि बाकीचे बाजूला सारले. तू अजून तशीच आहेस, याचा खरंच आनंद झाला. त्या दिवशी तुला भेटायला थांबता आलं नाही याची रुखरुख आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला इथे बैठकीत असणं भाग होतं.

आता मुद्द्याचं. अक्का, मी आईला वाचताना कधी पाहिलं नाही. ती कागद हातात घेऊन बसायची हे खरं, पण चित्रं बघते असं मला वाटायचं. तेराव्या वर्षी मी औरंगाबादच्या वसतिगृहात गेलो, तिथून दिल्ली, तिथून परदेश. मी जे पाहिलं ते सांगतो. जून १९६८. बाबा माल आणायला हैदराबादला गेले होते, म्हणून वसतिगृहाच्या अर्जावर पालक म्हणून आईचा अंगठा लागला. जांभळी शाई. त्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. त्या अंगठ्याने मला घडवलं असं मी जगभर सांगत आलो आहे. मंत्री म्हणून ब्रुसेल्सला गेलो तेव्हा सांगितलं, संसदेत सांगितलं, इथेही सांगितलं. ऐकणारा माणूस हलतो.

दुसरं असं की मजकूर गुपचूप ठरवलेला नाही. दत्तरावांनी तो १५ जानेवारीला 'पेडगावकर परिवार' ग्रुपवर टाकला होता. ३१ तारखेपर्यंत कोणाची हरकत आली नाही, तर सर्वांना मान्य आहे असं समजलं जाईल, हेही स्पष्ट लिहिलं होतं. आमच्याकडे दीडशेवर देश अनेकदा याच पद्धतीने मजकूर संमत करतात. नाहीतर एकेका क्रियापदावर तीन तीन आठवडे जातात. परिवारातल्या अठ्ठावीस जणांपैकी अकरा जणांनी हात जोडले, दोघांनी फुलं पाठवली, बाकीचे गप्प राहिले. तूही.

तरीही तुझं मन दुखावलं असेल तर मधला मार्ग सुचवतो. 'निरक्षर' ऐवजी 'औपचारिक शिक्षणाची संधी न मिळालेल्या' असं करता येईल. कोणालाच आक्षेप राहणार नाही.

एक आनंदाची गोष्ट. माझं आत्मचरित्र पुण्याहून येत आहे. ३१ मेला छपाईला जाईल. पहिल्या प्रकरणाचं नावच 'अंगठा' आहे. दत्तराव तुला कच्ची प्रत आणून देतील. वाचून आशीर्वाद दे.

तुझा
रुद्रा

* * *

परभणी
गुरुवार, १३ मार्च २०२५
प्रत: दत्तराव, सचिव, कै. कमलबाई स्मृती वाचनालय, गंगाखेड

महारुद्र,

त्या ग्रुपवर मी नाही. दिनकररावांच्या सूर्योदयाच्या चित्रांना कंटाळून २०२१ मध्ये बाहेर पडले, हे तुझ्या दत्तरावांना पक्कं माहीत आहे. 'ताई, तुमी नसल्या की ग्रुप कसा सुना वाटायलाय' असं तेच मला म्हणाले होते. ज्या माणसापर्यंत कागद पोचलाच नाही, त्याचं गप्प राहणं तू संमतीत धरलंस. दीडशे देशांचे कारभार असेच चालत असतील तर ते बिचारे कशाकशाला हो म्हणून बसलेत, देव जाणे.

तुझा मधला मार्ग पाहिला. 'संधी न मिळालेल्या' हे निरक्षर या शब्दापेक्षा जास्त खोटं आहे, कारण तो शब्द निदान लांबी-रुंदी न वाढवता खोटं बोलतो. संधी मिळाली होती. काकू बीदरच्या. त्यांचे वडील निजामाच्या महसूल खात्यात गिरदावर होते. घरात कानडी, शाळेत उर्दू. १९४६ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्या मुलींच्या शाळेतून मिडल पास झाल्या. तुझ्या बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत. तुमच्या त्या घरात सर्वांत जास्त शिकलेलं माणूस तू मॅट्रिक होईपर्यंत तुझी आई होती.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान गेलं आणि आपण सगळे स्वतंत्र झालो. काकू त्याच महिन्यापासून अडाणी व्हायला लागल्या. पुढच्याच वर्षी त्या लग्न होऊन गंगाखेडला आल्या. मग दहा-बारा वर्षांत सगळंच मराठीत झालं: दुकानांच्या पाट्या, बसच्या पाट्या, रेशनकार्ड, शाळेचे अर्ज. त्यांना येत होती ती अक्षरं कोणी मागेना, आणि मागत होते ती त्यांना कोणी शिकवली नाहीत. बाळबोध शिकवायला तुमच्या घरात कोणाला वेळ नव्हता. सुट्टीत येणाऱ्या मलाही नव्हता.

तुझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण दत्तरावांनी आणून दिलं. भाषा सफाईदार आहे. 'आई माझ्या पत्रांवर हात फिरवायची, कारण वाचणं तिच्या नशिबात नव्हतं' हे वाक्य वाचून मी ते कागद टेबलावर पालथे ठेवले आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

आता मला एक सांग. तू ब्रुसेल्सला होतास तेव्हा मी दर दुसऱ्या रविवारी परभणीहून गंगाखेडला जायचे. काकू सांगायच्या, मी मराठीत पत्र लिहायचे. पाकीट चिकटवण्याआधी त्या स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद चौघडी करून आत सारायच्या. उर्दूतला. ती पाकिटं मीच पोस्टात टाकली. ते कागद कुठे आहेत? तू त्यांचं काय केलंस?

आणि १९९१ ते ९४ तू इस्लामाबादच्या वकिलातीत होतास. तिथे उर्दू शिकलास, परीक्षेत पहिला आलास, असं तूच मला मोठ्या अभिमानाने कळवलं होतंस. ते पत्र माझ्याकडे आहे.

उत्तर दे. अलंकार नकोत.

शिवकन्या

* * *

गंगाखेड
२२ मार्च २०२५

आदरणीय शिवकन्याताई यांस,

दत्तरावचा नमस्कार. तुमी पाठवलेली प्रत मिळाली. ताई, तुमी मोठ्या, शिकलेल्या, मला बोलायचा काय अधिकार. पन तुमच्या पत्रानं मला दोन दिवस जेवन गेलं न्हाई म्हनून लिहायलोय. ग्रुपचं तुमचं म्हननं बरोबर हाय. तुमी त्याच्यात न्हाईत हे मला ठाऊक होतं. कागद घरी आनून द्यायला पायजे होता. चुकी माझी.

पन दगडाचं तेवढं सोडून द्या. साहेबांची तिकडली मुदत सप्टेंबरात संपायलीय. परत आले की पुन्हा राजकारनात उतरनार हायेत, वरून तसा शब्द हाय. आपल्या जिल्ह्याचा मानूस दिल्लीत पायजे का नको? कापसाला, सोयाबीनला परदेशात कोन काय बोलतंय हे कळनारा दुसरा मानूस हाय का आपल्याकडं? अन लोकाला साहेबांचं बाकी काय समजतंय हो ताई? व्यापार संस्था म्हनलं की लोक म्हनतेत आडत दुकान असंल. अंगठ्याची गोष्ट मात्र समद्याला समजती. पोखर्णीच्या जत्रेत साहेब बोलले तवा बायका पदर लावून रडल्या. मी सोता बघितलंय.

तुमी म्हनता साहेबांना आईची कदर न्हाई. ताई, तसं न्हाई. तुमाला ठाऊक न्हाई म्हनून सांगतो. मातोश्रींच्या हातची पत्रं साहेबांनी जपून ठेवलीत. एकतीस हायेत, उर्दूतली. इथं ऑफिसच्या तिजोरीत हायेत. साहेब गावाकडं आले की दार लावून वाचत बसतेत. मी एकदा चहा घेऊन आत गेलो तर डोळे पुसायले होते. मला म्हनले, दत्तराव, आईचं अक्षर बघा कसं मोत्यासारखं हाय. अशा मानसाला लबाड म्हनू नका.

लय बोललो. राग मानू नका. उन्हाचं बाहेर पडू नका.

आपला
दत्तराव

* * *

परभणी
बुधवार, २६ मार्च २०२५

महारुद्र,

दत्तरावांनी तुझी बाजू मांडायला मला पत्र लिहिलं. भला माणूस आहे. आपण काय लिहून बसलो हे त्यांना अजून कळलेलं नाही, आणि तू त्यांच्यावर चिडणार नाहीस एवढी सभ्यता तुझ्यात शिल्लक आहे असं धरून चालते.

एकतीस पत्रं. तिजोरीत. दार लावून वाचतोस.

माझ्या पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. ते अज्ञान नव्हतं.

आता का, ते सांग.

शिवकन्या

* * *

जिनिव्हा
१९ एप्रिल २०२५

अक्का,

तुझं छोटंसं पत्र दोन आठवडे खिशात घेऊन फिरलो. दोनदा उत्तर टाइप करून घेतलं आणि फाडलं. हे हाताने लिहितो आहे.

ब्रुसेल्समध्ये मी ते कागद उघडून बघायचो आणि बॅगेत ठेवायचो. कोणाकडून वाचून घ्यायची लाज वाटली. आपली आई काय लिहिते हे परक्याने आपल्याला सांगायचं, हे मला जमलं नाही. तिला मात्र कळवत राहिलो, 'पत्र पोचलं, मजकूर समजला.' १९८९ मध्ये ती गेली. १९९२ च्या मार्चमध्ये, इस्लामाबादला, एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी सगळी चळत काढली आणि संध्याकाळपर्यंत वाचली.

पहिल्याच कागदावर होतं: "रुद्रा, ही पोर माझ्यासमोर बसून मराठीत लिहिते. मी म्हणते, तुझ्यावाचून घर खायला उठतं. ती लिहिते, आमची काळजी नसावी. म्हणून मी हे वेगळं लिहिते आहे." आणि शेवटी: "तू मला या अक्षरांत दोन ओळी लिही. तिथे कोणीतरी शिकवील. चुकल्या तरी चालतील." एकतीसपैकी नऊ पत्रांत हे मागणं आहे. मी शिकलो तेव्हा तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

मग का, असं तू विचारतेस. सोळा वर्षांपूर्वी नोकरी सोडून राजकारणात आलो. पहिली सभा पाथरीला होती. गाडीत मी व्यंकटरावांना सांगितलं की मी आईच्या उर्दू पत्रांबद्दल बोलणार आहे. पक्षाने मला सांभाळायला दिलेला तो जुना माणूस. तो हसला. म्हणाला, "साहेब, उर्दू नका काढू. अर्धी सभा उठून जाईल, अन उरलेली अर्धी म्हनंल हे आपल्याला खूश करायलाय. त्या अर्जावरच्या अंगठ्याचं सांगा. अंगठा समद्यांच्या घरात हाय."

मी अंगठ्याचं सांगितलं. सभा एवढी शांत झाली की जनरेटरचा आवाज ऐकू येत होता. उतरल्यावर एका म्हाताऱ्या बाईने माझ्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. अक्का, मी तीस वर्षं वाटाघाटी केल्या. एक शब्द सोडायचा आणि करार पदरात पाडायचा, हेच माझं काम. त्या दिवशीही तसंच वाटलं. एक शब्द सोडला. पुढे तो शब्द परत घेता आला नाही. राज्यसभेच्या परिचयात गेला, मंत्रालयाच्या पुस्तिकेत गेला, इथल्या संकेतस्थळावर सहा भाषांत गेला.

तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगतो. दगडावरचा 'निरक्षर' शब्द मी जूनमध्ये काढून घेतो. पुस्तक मात्र आहे तसं राहू दे. आणि याचा तूही जरा विचार कर. तेविसाव्या पत्रात आईने त्या अर्जाबद्दल लिहिलं आहे: "मी सही करायला घेतली होती. नावातला काफ काढून झाला होता. शिवकन्येने माझा अंगठा धरला आणि शाईत दाबला. पोरीची चूक नाही. तिला लाज वाटली." पुस्तकात खरं लिहायचं म्हटलं तर हेही लिहावं लागेल. मी आजवर कुठेही तुझं नाव घेतलेलं नाही. आहे तो मजकूर दोघांच्याही सोयीचा आहे.

तुझा
महारुद्र

* * *

परभणी
शनिवार, ३ मे २०२५

महारुद्र,

हे कुरियरने पाठवते आहे. पोस्टाच्या उशिरामागे तुला लपता येऊ नये म्हणून.

तुझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. धमकी इतक्या मऊ हाताने द्यायला शिकवणारी शाळा कोणती, ते मला आता कळलं. जे तू जपून ठेवलं होतंस ते आधी मीच मांडते. म्हणजे तुझ्या हातात सौदा करायला काही उरणार नाही.

सोमवार, दिनांक १७ जून १९६८. सकाळी साडेदहाचा सुमार. मी पंधरा वर्षांची होते. सिकंदराबादची शाळा दोन दिवसांनी उघडणार होती. अंगात इस्त्रीचा फ्रॉक, पायात पांढरे मोजे. त्या वर्षी मला इंग्रजी वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि ते माझं गावात सगळ्यांना सांगून झालं होतं. अर्ज घ्यायला बसलेल्या कारकुनासमोर काकूंनी टाक हातात घेतला आणि लिहायला सुरुवात केली. तो म्हणाला, "ओ बाई, ह्या मुंग्या इथं सोडू नका. मराठीत सही करा, न्हाई तर अंगठा द्या."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणायचं होतं, की ही सही आहे, या मिडल पास आहेत. त्या कारकुनाला मी इंग्रजीत झापलं असतं तर तो खुर्चीतून उठला असता. मागे रांगेत लोक हसले. मी म्हणाले, "काकू, द्या ना अंगठा, उशीर होतोय." कसलाही उशीर होत नव्हता. मी त्यांच्या हातातून टाक काढून घेतला, अंगठा धरला, शाईच्या डबीत दाबला आणि कागदावर टेकवला. काढून झालेला काफ, त्यांच्या नावातला पहिला 'क', त्या डागाखाली गेला. तुझ्याकडच्या प्रतीवर नीट बघ, अंगठ्याच्या वरच्या कडेला एक रेघ बाहेर आलेली असेल.

 संध्याकाळी घरी काकूंनी मला पोळीवर तूप जास्त वाढलं. जांभळा डाग चार दिवस होता. मी त्यांची माफी मागितली नाही. तेव्हा नाही, ब्रुसेल्सची पत्रं लिहिताना नाही, त्या आजारी होत्या तेव्हाही नाही. 'आमची काळजी नसावी' हे वाक्यही आठवतं. मला ते पत्रात शोभून दिसतं असं वाटायचं.

मला कशाची लाज वाटली, असं मी दहा दिवस स्वतःला विचारते आहे. गर्दीची, असं उत्तर देऊन पाहिलं. ते खरं नाही. काकूंच्या अक्षरांची लाज वाटली. माझं इंग्रजी साहेबाचं होतं म्हणून त्याचा तोरा, आणि त्यांचं उर्दू गेलेल्या राज्याचं म्हणून त्याची लाज. तू पाथरीच्या गाडीत जे केलंस तेच मी पंधराव्या वर्षी पांढरे मोजे घालून केलं. फरक एवढाच की मी ते विकून काही मिळवलं नाही. पण याने माझं काही हलकं होतं असं नाही. काकूंच्या बाजूने पाहिलं तर आपण दोघांनीही त्यांचं तेच केलं.

म्हणून तुझी सोय मला नको. छाप. पूर्ण नाव छाप: शिवकन्या पेडगावकर, तेव्हा वय पंधरा, सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी, पुतणी. तेविसावं पत्र जसंच्या तसं, पहिल्या प्रकरणात, काकूंच्या अक्षरातल्या छायाचित्रासह. त्याच्या पुढे ब्रुसेल्सची बॅग, इस्लामाबादचा दिवस आणि व्यंकटरावांची गाडी. तू मला लिहिलं आहेस तेवढ्याच साधेपणाने लिही. तुझं १९ एप्रिलचं पत्र हे तू आयुष्यात लिहिलेलं सर्वांत चांगलं मराठी आहे. शेवटचा परिच्छेद सोडून.

दगड जूनमध्ये नको, आत्ता. शब्द पुसून भागणार नाही, दगडच नवा हवा. मजकूर मी देते, तो ग्रुपवर फिरवायची गरज नाही: "कमलबाई शिवमूर्ती पेडगावकर. उर्दू मिडल, बीदर, १९४६. या रोज वाचत असत." खाली कोणाचंही नाव नको. तुझं नको, माझं नको. काल मी हा मजकूर तानुबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अन मला वाचून दावायची, ते बी लिव." ते बाईंचं म्हणणं रास्त आहे. "रोज वाचत असत आणि शेजारणीला वाचून दाखवत असत" असं कर.

आणि ती एकतीस पत्रं तिजोरीतून बाहेर काढ. वाचनालयात ठेव, मूळ उर्दू आणि शेजारी देवनागरीत. गंगाखेडात आजही उर्दू वाचणारी शेकडो माणसं आहेत. तुझ्या सभेतून अर्धे लोक उठून जातील असं व्यंकटराव म्हणाले होते. जाऊ देत. वाचनालयात बसायला खुर्च्या बावीसच आहेत.

पुन्हा निवडून यायचं की नाही, तो तुझा प्रश्न. दत्तराव म्हणतात तसं कापूस-सोयाबीनचं बोलणारा माणूस जिल्ह्याला हवाच आहे. तुला ते काम येतं, हे मी नाकारत नाही. पण पेडगावकरांच्या घरातल्या एका शिकलेल्या बाईला अडाणी करून तू ते काम करणार असशील, तर मी प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत बसेन आणि हात वर करेन. तुझं १९ एप्रिलचं पत्र, तुझ्या अक्षरातलं, तुझ्या सहीचं, माझ्या पर्समध्ये असेल. ही धमकी मी तुझ्यासारखी मऊ केलेली नाही, म्हणजे समजायला अडचण येऊ नये.

पुस्तक ३१ मेला छपाईला जातंय. बदल करायला प्रकाशकाला आठवडा लागतो, हे मी पुण्याला फोन करून विचारून घेतलं आहे. तेव्हा 'विचार चालू आहे' हे मी उत्तर धरणार नाही. चिटणिसाचं पत्र, दत्तरावांचा फोन, ग्रुपवरचे जोडलेले हात, यांतलं काहीही मी उत्तर धरणार नाही. काकूंनी नऊ वेळा मागितलं आणि तू त्यांना एकदाही दोन ओळी लिहिल्या नाहीस. मला लिहाव्या लागतील. दगड, पुस्तक आणि पत्रं, तिन्हींबद्दल होय किंवा नाही, तुझ्या हाताने लिहिलेलं आणि खाली सही केलेलं उत्तर शनिवार, दिनांक २४ मे २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजण्याच्या आत मला परभणीच्या घरी मिळालं पाहिजे.

शिवकन्या पेडगावकर